गणपतीत चादरीवर सिनेमा: आयर्न जायंट की वॉल-ई?

यंत्रमानव_मामा

मंडळी, दोन प्रश्न आहेत. एक कामाचा आणि एक नुसताच डोक्यात भुंगा लावणारा.

आधी कामाचा. यंदा गौरी-गणपतीला गावी, चिपळूणच्या अलीकडे, आम्ही चुलत-मावस मिळून पंचवीसेक जण जमतोय. त्यात पोरं अकरा, वय वर्षं ४ ते १५, आणि आज्या तीन. दरवर्षी गौरी जेवल्या की रात्री पोरं मोबाईलमध्ये डोकी घालून कोपऱ्यात पडतात आणि मोठे पत्ते कुटत बसतात. यावेळी मी भावाचा जुना प्रोजेक्टर मागून घेतलाय, ओटीवर डबलबेडची चादर बांधायची आणि एक सिनेमा दाखवायचा असं ठरलंय. निवड माझ्याकडे, कारण घरात सायफाय आणि अ‍ॅनिमेशनचं वेड फक्त मलाच, लग्नानंतर बायकोने पहिल्यांदा माझं कपाट उघडलं तेव्हा आत शर्ट चार आणि डीव्हीड्या दोनशे निघाल्या होत्या, ते ती अजून सांगते. तर माझ्या मनात दोनच नावं आहेत, दोन्ही रोबोटचे अ‍ॅनिमेशनपट, १९९९ चा आयर्न जायंट किंवा २००८ चा वॉल-ई. मत द्या.

आता भुंगा. मागच्या महिन्यात तालीम म्हणून नऊ वर्षांच्या भाच्याला आयर्न जायंट दाखवला. सुरुवातीला म्हणाला, "मामा हे किती जुनं आहे?" मी म्हणलं तुझी आई तेव्हा नववीत होती. मग गप्प बसून बघितलं. शेवटी तो रोबोट वर आकाशात जातो ना (पुढचं सांगत नाही, ज्यांनी बघितलाय त्यांना कळलं), तेव्हा हा उठला, पाणी पिऊन येतो म्हणाला आणि पाच मिनिटं स्वयंपाकघरातून बाहेरच आला नाही. आला तो डोळे लाल करून.

पुढच्या रविवारी त्याच १९९९ सालचा, ज्याची जगभर बारा महिने आधीपासून हवा होती असा अंतराळयुद्धाचा सिनेमा लावला, स्टार वॉर्सचा एपिसोड वन, तोच तो कॉम्प्युटरवर केलेला लांब कानवाला प्राणी असलेला. तो प्राणी खऱ्या नटांच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि भाचा म्हणाला, "मामा, हा चिकटवलाय." बास. एका शब्दात निकाल. तेव्हा आम्ही थिएटरात त्याच प्राण्याकडे आ वासून बघितलं होतं हो!

तर प्रश्न असा, की काढलेलं चित्र म्हातारं होत नाही आणि "खरं" दिसणारं मात्र दहा वर्षांत चिकटवलेलं दिसायला लागतं, हे कसं? माझं स्वतःचं मत पक्कं आहे. सायफायचं माहेर अ‍ॅनिमेशन. खऱ्या माणसांचा सिनेमा म्हणजे सासर, तिथे यानाला, रोबोटला, परग्रहवासीयाला सारखं सिद्ध करत बसावं लागतं की मी खरंच इथे आहे बरं का. चित्रात कुणी विचारतच नाही, कारण तिथे माणूसही चित्र आणि रोबोटही चित्र, दोघं एकाच जातीचे. अकिरा बघा, १९८८ चा, हाताने रंगवलेल्या दीड लाखाच्या वर सेल (पारदर्शक शीटवरची चित्रं), त्यातली मोटरसायकल वळते तेव्हा मागच्या लाल दिव्याची रेघ हवेत राहते ती आज बघितली तरी अंगावर काटा येतो. त्यातलं २०१९ सालचं टोकियो आपण मागे टाकलं पण सिनेमा काही मागे पडला नाही.

मी आंधळा भक्त आहे का यात काही तथ्य आहे, सांगा.

पत्ते_कुटणारा

पत्त्यांवरचं आक्रमण सहन केलं जाणार नाही. बाकी चालू द्या.

जुनं_तिकीट

अहो मामा, भक्त आहात हे नक्की, आंधळे किती ते बघू.

तुमच्या माहेर-सासरवर माझा एकच आक्षेप, स्टॅन्ली कुब्रिकचं "२००१: अ स्पेस ओडिसी". एप्रिल १९६८, म्हणजे माणूस चंद्रावर उतरायच्या सव्वा वर्ष आधी आलेला सिनेमा, खरे नट, कॉम्प्युटर ग्राफिक्स शून्य, आणि आज मोठ्या टीव्हीवर लावा, एक फ्रेम चिकटवलेली दिसली तर मला सांगा. त्यात यानामध्ये प्रवासी झोपलाय आणि त्याचं पेन हवेत तरंगतंय असा शॉट आहे, हवाईसुंदरी येते आणि ते अलगद पकडते. ते कसं केलं? मोठी काच, तिला पेन चिकटवलं आणि काच हळू फिरवली. ती बाई पेन पकडत नाही, काचेवरून उचकटून काढते! आता चिकटवलेलं म्हणाल तर हे अक्षरशः चिकटवलेलं, पण तुमच्या भाच्याला दाखवा, ओळखतो का बघा. आणि तो गोल खोलीत धावणारा अंतराळवीर, त्यासाठी ३८ फूट व्यासाचं अख्खं चाक बांधलं होतं आणि ते खरंच फिरायचं.

दुसरं उदाहरण ज्युरासिक पार्क. आमच्याकडे १९९४ मध्ये हिंदीत आला, साताऱ्याला थिएटरात बाकावर बसून बघितला, शेजारी एक म्हातारबाबा होते ते टी-रेक्स आला की दर वेळी पाय वर घेऊन बसायचे. अख्ख्या सिनेमात डायनासोर दिसतात जेमतेम पंधरा मिनिटं आणि त्यातली कॉम्प्युटरवर केलेली सहाच्या आसपास, बाकी रबर, मोटारी, हायड्रॉलिक. रात्र, पाऊस आणि अंधार. जे दाखवता येत नव्हतं ते दाखवलं नाही, एवढी अक्कल वापरली म्हणून टिकलं. तेव्हा चित्र की माणूस हा मुद्दाच नाही.

कामाच्या प्रश्नाला उत्तर: वॉल-ई.

रेंडरवाली

मी पुण्यात एका स्टुडिओत कॉम्प्युटरवरच्या दृश्यांचं लाइटिंग करते, ११ वर्षं झाली, त्यामुळे या धाग्यात मला उतरणं भागच आहे, एक शॉट रेंडरला टाकलाय (म्हणजे कॉम्प्युटर त्याची शेवटची चित्रं तयार करत बसलाय) तोपर्यंत लिहिते.

मामांचं निम्मं बरोबर आहे आणि जुनं_तिकीट काकांचंही निम्मंच. आमच्या कामात खऱ्या कॅमेऱ्याने शूट झालेल्या भागाला प्लेट म्हणतात. प्लेटमध्ये ऊन कुठून येतंय, सावली किती गडद, हवेत धूळ किती, लेन्स कुठली, हे सगळं ठरलेलं असतं आणि आपला प्राणी त्यात बसवायचा असतो. दहा गोष्टी जुळल्या आणि अकरावी चुकली की प्रेक्षकाला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही पण "चिकटवलाय" हे लगेच कळतं. भाच्याला नोकरी द्यायला हवी, आमचे सुपरवायझर यापेक्षा जास्त काही बोलत नाहीत! आणि दर वर्षी कुणीतरी थोडं जास्त चांगलं जुळवतं, त्यामुळे बघणाऱ्याचा डोळा तयार होत जातो आणि मागच्या वर्षीचं आपोआप कच्चं वाटायला लागतं. काकांचं पेन टिकलं कारण ते पेन, ती काच, तो प्रकाश सगळं एकाच खोलीत खरंच होतं. तिथे जुळवण्याचा प्रश्नच नव्हता.

पण मामा, "अ‍ॅनिमेशन म्हातारं होत नाही" हे काही खरं नाही हां. टॉय स्टोरी १९९५ चा, माझा जीव की प्राण, पण त्यातला शेजारच्या पोराचा कुत्रा आज बघा. माणसं बघा. मेणाची. आणि हे त्या लोकांना तेव्हाच माहीत होतं, म्हणून तर खेळण्यांची गोष्ट निवडली, त्या काळच्या कॉम्प्युटरवर सगळंच प्लॅस्टिकसारखं दिसायचं, मग प्लॅस्टिकच हिरो करा. याला म्हणतात डोकं.

आणि ज्यांनी ते डोकं वापरलं नाही त्यांचं काय झालं? २००१ सालचा फायनल फँटसी. पूर्ण अ‍ॅनिमेशन, पूर्ण सायफाय, म्हणजे तुमच्या हिशोबाने माहेरातली लेक. पण हट्ट काय, तर हुबेहूब खरी माणसं दिसली पाहिजेत. नायिकेच्या डोक्यावर ६०,००० केस, एकेक वेगळा हलणारा. आज ते चेहरे बघवत नाहीत, डोळ्यांत कुणी राहतच नाही असं वाटतं. सिनेमा आपटला आणि तो स्टुडिओच बंद पडला.

आता तुमच्या आयर्न जायंटची गंमत. त्यात सगळी माणसं, झाडं, गाव हाताने काढलेलं आणि तो रोबोट एकटाच कॉम्प्युटरवर केलेला आहे. म्हणजे तिथेही जुळवाजुळवीचा तोच प्रश्न होता की! कॉम्प्युटरची रेघ सरळसोट, सुतात. हाताची रेघ थोडी थरथरते. मग त्यांनी काय केलं, तर प्रोग्रॅम लिहून रोबोटची रेघ मुद्दाम किंचित थरथरती केली. कॉम्प्युटरला चुका करायला शिकवलं. म्हणून तो तुमच्या भाच्याला चिकटवलेला वाटला नाही.

वॉल-ई मध्येही तसंच, पण उलट्या दिशेने. तिथे जुळवलं ते कॅमेऱ्याशी. कॅमेरामन रॉजर डीकिन्सला बोलावून सल्ला घेतला, जुन्या लेन्समध्ये कडा कशा फाटतात, मागचा भाग कसा धूसर होतो ते बघून ते दोष आत घातले. म्हणून सुरुवातीची ती धुळीची पृथ्वी कुणीतरी तिथे जाऊन शूट करून आणल्यासारखी वाटते.

रेंडर मध्येच बंद पडला. येते नंतर.

यंत्रमानव_मामा

वा वा, रेंडरवाली ताई, त्या थरथरत्या रेघेचं मला माहीत नव्हतं, पंधरा वेळा बघितलाय तरी! आज रात्री सोळावी वेळ.

पण फायनल फँटसी मी अ‍ॅनिमेशन मानतच नाही. ते खऱ्या माणसांच्या सिनेमाचं सोंग आहे. उलट माझाच मुद्दा सिद्ध झाला, माहेर सोडून सासरची नक्कल करायला गेली आणि पडली.

रेंडरवाली

हे म्हणजे आपला बॅट्समन आउट झाला की तो नो-बॉल 😄

जुनं_तिकीट

+१. मामा, अंपायरला घरी बोलावून जेवायला घालता वाटतं.

पिंगुळीचा

थोडं अवांतर, पण मामांच्या बाजूने.

१९७३ चा फँटॅस्टिक प्लॅनेट बघितलाय का कुणी? दिग्दर्शक रेने लालू, फ्रेंच, आणि काम झालं प्रागमध्ये. निळे, लाल डोळ्यांचे महाकाय परग्रहवासी आणि त्यांनी माणसं पाळलीत, आपण मांजर पाळतो तशी, पोरगी माणसाला गळपट्टा घालून फिरवते. सगळं कागदाच्या कापलेल्या तुकड्यांचं, सेलवर रंगवलेलं पण नाही. हात वेगळा, मान वेगळी, एकेक तुकडा सरकवून फोटो. हालचाल तुटक, तरी पाच मिनिटांत आपण त्या ग्रहावर असतो. मी कुडाळजवळचा, लहानपणी पिंगुळीला चित्रकथी बघितलेत, एकेक कागद समोर धरायचा आणि गोष्ट गात पुढे न्यायची, चित्र हलत नाही तरी रावण उडून गेलेला आपल्याला दिसतो. तो सिनेमा बघताना मला तेच आठवत होतं. (पोरांना दाखवू नका हां, कपड्यांचा जरा तुटवडा आहे त्यात.)

आणि हे बाहेरून आलेलं खूळ म्हणणाऱ्यांसाठी, आपल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्ये आगकाड्यांची मौज केला होता, काडेपेटीतल्या काड्या एकेक सरकवून. त्याच्याही आधी, १९१२ ला, वाटाण्याचं रोप उगवताना टिपलं होतं रोज थोडं थोडं, भांडवल देणाऱ्यांना पटवायला. बी फुटतंय, कोंब वर येतोय, महिन्याचं काम मिनिटात. माझ्या मते आपला पहिला सायफाय तोच. आगकाड्या आता बघायला मिळत नाहीत, हरवल्या.

रंगपेटी

पिंगुळीचा, प्रभातचा जंबूकाका राहिला! १९३४. आपल्याकडचं अ‍ॅनिमेशन म्हणलं की लोक थेट छोटा भीमवर येतात म्हणून सांगितलं.

मला वॉल-ई पेक्षा स्पायडरव्हर्स जास्त आवडतो. २०१८ च्या त्या पहिल्या भागात पोरगा नवशिका असतो तेव्हा त्याचं एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवलंय, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं, आणि शेजारी मुरलेला स्पायडरमॅन पूर्ण २४ वर. दोघं जंगलात झोके घेतात तिथे बघा, पोरगा सारखा अडखळल्यासारखा दिसतो आणि का ते कळत नाही. पुढे तो शिकतो तसा त्याचा हात २४ वर येतो. खऱ्या नटाला अर्ध्या फ्रेममध्ये अभिनय करायला सांगून बघा! आणि २०२३ चा दुसरा भाग मराठीत पण डब झाला होता, त्यात मुंबई आणि मॅनहॅटन मिसळून केलेलं मुंबटन आहे, ट्रॅफिकसकट. पोरं नाचतील.

यंत्रमानव_मामा

रंगपेटी, स्पायडरव्हर्स मला प्रचंड आवडतो पण आज्यांना चक्कर येईल हो. मलाच पहिल्यांदा आली होती.

ऑपरेटरचा_पुतण्या

सगळे डोळ्यांवर बोलताय, कानाचं कुणीच काढलं नाही.

वॉल-ई चा आवाज ज्याने केलाय तो बेन बर्ट, तोच स्टार वॉर्सचा. ती प्रकाशाची तलवार आठवा, घुंssग घुंssग. तो आवाज कसला आहे माहितीये? सिनेमाच्या प्रोजेक्टरच्या मोटरचा. कॉलेजात असताना हा माणूस प्रोजेक्टर चालवायचा, मशीन नुसतं चालू असताना जी घरघर यायची ती त्याच्या डोक्यात बसली होती, त्यात टीव्हीच्या पिक्चर ट्यूबचा गुणगुणाट मिसळला. बंदुकीचा टॅव टॅव म्हणजे टॉवरच्या ताणलेल्या तारेवर हातोडी.

माझा काका तालुक्याच्या गावी थिएटरात ऑपरेटर. सुट्टीत मी त्याच्या केबिनमध्ये बसायचो, उकडायचं भयंकर, कार्बनचा वास, आणि रीळ बदलायच्या आधी दुसरं मशीन चालू करून ठेवायचा तेव्हा ती घरघर. पहिल्यांदा ती तलवार ऐकली तेव्हा मी घरच्यांना म्हणलं हे काकाचं मशीन आहे. सगळे हसले. बऱ्याच वर्षांनी वाचलं तेव्हा काका नव्हता सांगायला.

वॉल-ई मध्ये बर्टने त्या रोबोटला स्वतःचा आवाज दिलाय, कॉम्प्युटरमधून फिरवून. त्याचं चालणं म्हणजे हाताने फिरवायचा जनरेटर. आणि जहाज चालवणारा तो लाल डोळ्याचा ऑटो, त्याला नटच नाही, मॅकमध्ये मजकूर वाचून दाखवणारा जुना प्रोग्रॅम होता त्याचाच आवाज. हे सगळं म्हातारं होणार कसं, यात नवं काही नव्हतंच. आवाज तेव्हाही जुन्या वस्तूंचे होते.

मामा, प्रोजेक्टरला स्पीकर वेगळा लावा. आतला स्पीकर म्हणजे डबीत कोंडलेली माशी.

आईचा_रिमोट

मी दोन पोरांची आई, माझं उत्तर कामाच्या प्रश्नाला. वॉल-ई च.

१. (दोनच मुद्दे आहेत, घाबरू नका) तीन आज्या आणि चार वर्षांचं पोर यांना इंग्रजी कोण सांगत बसणार? वॉल-ई मध्ये पहिला अर्धा तास कुणी धड बोलतच नाही, बोलतात ते एकमेकांची नावं. आयर्न जायंट १९५७ च्या अमेरिकेतला, स्पुटनिक, रशियाची भीती, अणुबॉम्ब आला तर बाकाखाली लपा म्हणून शाळेत दाखवतात ते, हे सगळं समजावत बसाल तर पोरं उठून जातील.

२. आयर्न जायंटचा शेवट झोपायच्या आधी नको. तुमच्या भाच्याने स्वयंपाकघर गाठलं, गावी अकरा पोरं एकदम रडायला लागली तर आया तुम्हाला पत्त्यांसकट बाहेर काढतील.

चादर इस्त्री करा. खालच्या काठात काठी शिवून टाका नाहीतर वाऱ्याने फुगते आणि रोबोट गरोदर दिसतो, अनुभव आहे.

यंत्रमानव_मामा

ठरलं मग, वॉल-ई. पण मनातून वाईट वाटतंय. आयर्न जायंटवर अन्याय व्हायचा तो तेव्हाच झाला होता, जाहिरात जेमतेम, थिएटरात सपशेल पडला, दिग्दर्शक ब्रॅड बर्डला तेव्हा कुणी विचारलं नाही. आणि त्याची मूळ कल्पना किती भारी, बंदुकीला आत्मा असेल आणि तिला बंदूक व्हायचंच नसेल तर? एवढ्या एका वाक्यावर अख्खा सिनेमा उभा. असो. गणपतीनंतर रिपोर्ट देतो.

यंत्रमानव_मामा

गणपती बाप्पा मोरया! परत आलो. घसा बसलाय, सर्दी झालीये, पण रिपोर्ट द्यायचा म्हणजे द्यायचा.

गौरी जेवल्यावर साडेआठला चादर बांधली, काठी घातली (रिमोट ताई, धन्यवाद), स्पीकर वेगळा लावला (पुतणे, धन्यवाद). पुढे पोरं सतरंजीवर, मागे मोठे, आणि आज्या बाजूला खुर्च्यांवर, "पाच मिनिटं बसतो, कळलं नाही तर उठतो" या बोलीवर. पाऊस बारीक चालू. सुरुवातीला काका मंडळींनी पत्ते काढलेच होते, पण ओटीवरचा दिवा आम्ही घालवला त्यामुळे त्यांना राजा-राणी दिसेनात, झक मारत वर बघावं लागलं.

पहिल्याच मिनिटाला मोठी आजी म्हणाली, "हा भंगारवाला ना रे?" आणि मी गार. इतकी वर्षं मी त्या सिनेमावर मोठमोठं बोलत आलोय, पर्यावरण, एकटेपणा, मूकपटांचा वारसा वगैरे, पण हा भंगारवाला आहे हे मला सुचलं नव्हतं. दिवसभर कचरा दाबून ठोकळे करायचे आणि त्यातलं आवडेल ते घरी न्यायचं. झुरळ आलं तेव्हा मात्र तिन्ही आज्या एकदम ओरडल्या, मार त्याला, मार! ते चाकाखाली येऊन परत उठलं तर मधली आजी म्हणे, "बघ, झुरळ तिकडं पण मरत नाही."

मग तो प्रसंग. त्याला कचऱ्यात मखमली डबी सापडते, आत हिऱ्याची अंगठी. तो अंगठी काढतो, फेकून देतो, आणि डबी ठेवून घेतो, झाकण टक टक उघडझाप करत. हा विनोद आहे, मी दर वेळी हसतो, पोरंही हसली. पण आज्या हसल्या नाहीत. मोठी आजी अगदी गंभीरपणे म्हणाली, "बरोबर केलं. डबी कामाला येते." तिच्या कपाटात बिस्किटांचे पत्र्याचे डबे आहेत, एकात बटणं, एकात दोऱ्याची रिळं, एकात आजोबांच्या चष्म्याच्या काड्या, आणि औषधाच्या रिकाम्या बाटल्या एका पिशवीत, कशाला ते कुणालाच माहीत नाही. पुढे त्याला काटा आणि चमचा दोन्ही असलेली ती वस्तू मिळते आणि कुठल्या ढिगात ठेवू कळत नाही, तेव्हा आजीच सांगत होती, मध्ये ठेव, मध्ये. आणि त्याने मध्येच ठेवली! काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू.

जहाजावरची ती जाडी माणसं आली, खुर्चीत पडून पेलाभर काहीतरी ओढतायत, समोर स्क्रीन. तेव्हा सगळ्यांनी वळून बंड्याकाकाकडे बघितलं. तो लोडाला टेकून चकलीचा डबा पोटावर ठेवून पडला होता. त्याने शांतपणे डबा खाली ठेवला.

अर्ध्यात लाईट गेली. गावची लाईट, पाऊस, त्यात नवल नाही. काळाकुट्ट अंधार, बेडूक ओरडतायत, कुणीतरी टॉर्च लावला. आणि चार वर्षांची चिमी उठून प्रोजेक्टरजवळ गेली आणि म्हणाली, "ह्याला पण उन्हात ठेवा." सिनेमात तो रोबोट सकाळी पत्रे पसरून ऊन खातो ना, चार्ज होतो. वीस मिनिटांनी लाईट आली. तोपर्यंत एकही पोर उठलं नव्हतं, एकही मोबाईल निघाला नव्हता. खरंतर एक निघाला, पंधरा वर्षांच्या पुतणीचा, पण तो टॉर्चसाठी.

आणि जुनं_तिकीट काका, तुमच्यासाठी खास. कॅप्टन खुर्चीतून उठून पहिल्यांदा पायावर उभा राहतो तिथे २००१ चंच ते संगीत वाजतं. मी अंधारात तुमच्या नावाने हात जोडले. ऑटोचा लाल डोळा पण तुमच्याच सिनेमातल्या कॉम्प्युटरचा. म्हणजे माहेरच्या लेकीने सासरहून दागिने आणलेत, हे मी मान्य करतो. एवढंच मान्य करतो.

शेवटी नावं येताना जी चित्रं येतात, आधी गुहेतली, मग इजिप्तसारखी, मग मोझॅक, असं करत करत व्हॅन गॉगपर्यंत, ती बघायला पुतणीने सगळ्यांना बसवून ठेवलं. ती यंदा इंटरमिजिएटची परीक्षा देतेय, एकेक चित्र ओळखून सांगत होती. मोठ्यांतले निम्मे तोवर पान लावायला गेले होते. भाचा येऊन कानात म्हणाला, "उद्या जायंट?"

दुसऱ्या रात्री लावला. किती जण रडले ते लिहिणार नाही, त्यात मोठे पण आहेत आणि ते हा धागा वाचतात.

जुनं_तिकीट

दागिन्यांचं मान्य केलंत, पुष्कळ झालं. "डबी कामाला येते" हे मात्र बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, बघा, आणि मग आमच्या माळ्यावरच्या खोक्यांचा विषय निघाला तो अजून चालू आहे.

रेंडरवाली

चिमीला पण नोकरी. आमचा रेंडर फार्म उन्हात ठेवून बघते.

फायनल फँटसी मात्र अ‍ॅनिमेशनच आहे.

यंत्रमानव_मामा

नो-बॉल.

पत्ते_कुटणारा

ते सगळं ठीक आहे. पत्त्यांचं काय झालं शेवटी?

यंत्रमानव_मामा

निघताना आजीने पत्ते काकाच्या हातात दिले, रबर लावून. बॉक्स तिने ठेवून घेतला.